गळलेले पीस

पौष महिन्यातील सकाळ. सूर्य नुकताच वर आलेला, आणि कृष्णाकाठच्या त्या गावात पारा १० अंशांच्या आसपास. थंडी सर्वांना सारखीच. परंतु तिला सामोरे जाण्याची रीत प्रत्येकाची निराळी. ऊसतोड मजूर शर्टावर आणखी एक जुना शर्ट चढवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून फडाकडे निघतात. कोयता हाती आला की त्यांच्या अंगातील गारठा आपोआप निघून जातो. शेतात मेंढ्या बसवून रात्र काढलेला धनगर खांद्यावरचे घोंगडे सारखे करतो. डेअरीवर दूध घालायला निघालेल्या शेतकऱ्याने कानाला मफलर गुंडाळलेला असतो. दुकान उघडणारा व्यापारी मात्र स्वेटर, त्यावर जाकीट आणि वर माकडटोपी असा जामानिमा करूनही हात चोळीत उभा असतो. आणि या सर्वांमधून, विहार करीत गावात आलेला मुनिसंघ मंदिराकडे जातो. मुनिमहाराजांच्या हाती पिच्छी आणि कमंडलू. अंगावर काहीही नाही. त्यांच्या मागून एका शुभ्र साडीतील आर्यिका माताजी.

मंदिराच्या पायरीवर शाल डोक्यावरून घेऊन उभ्या असलेल्या एका आजींचा अशा वेळचा एक परिपाठ होता. महाराज समोर आले की त्यांचा हात नकळत वर जाई आणि डोक्यावरची शाल खांद्यावर उतरे. तसे करण्यास कोणी सांगितले नव्हते. संघ पुढे गेला की शाल पुन्हा डोक्यावर येई, कारण सांध्यांतील कळही खरीच होती. मुनींचा मार्ग मुनींचा आणि श्रावकांचा श्रावकांचा, हे स्वाध्यायात त्यांनी अनेकदा ऐकलेले होते.

तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या २२ परीषहांत भूक आणि तहान यांच्या पाठोपाठ तिसरा येतो तो शीत परीषह. आचारांगसूत्रात भगवान महावीरांच्या साधनाकाळाचे वर्णन आहे. शिशिरातील बोचऱ्या वाऱ्यात इतर जन आडोसा शोधीत, अग्नी पेटवीत, तेव्हा भगवान उघड्यावर ध्यानस्थ राहात. श्वेतांबर परंपरेतील साधुसाध्वींजवळ मोजकी वस्त्रे, लोकरीची कांबळी आणि लोकरीचा ओघा असतो. दिगंबर मुनी तेवढेही ठेवीत नाहीत. गृहस्थाला मात्र देह झाकावाच लागतो. कशाने आणि किती, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न.

आजींच्या घरात या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. जुनी लुगडी एकावर एक अंथरून, धावदोरा घालून शिवलेली वाकळ रात्री पांघरायची. शेतात राखणीला जाणाऱ्याने घोंगडे न्यायचे. दख्खनी मेंढीची राठ लोकर कातरून काढायची, तिचे सूत काढायचे, सणगराने ते मागावर विणायचे आणि चिंचोक्यांची खळ लावून कडक करायचे. नवे घोंगडे अंगाला टोचते. पण पावसात त्याची खोळ करून डोक्यावर घेता येते आणि भिजले तरी त्याची ऊब बरीचशी टिकते. वाकळ काय किंवा घोंगडे काय, कोणतेही वस्त्र स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ते आपल्या थरांत हवा अडवून धरते, आणि ती अडलेली हवा देहाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड वस्त्रापेक्षा दोन पातळ वस्त्रे पुष्कळदा अधिक उबदार ठरतात. आजींना हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते. पण वाकळीत सहा पदर का घालायचे, हे ठाऊक होते. रात्री अंगणात शेकोटी मात्र त्यांच्या घरी पेटत नसे. उजेडाकडे झेपावणारे किडे जाळात पडतात, म्हणून सासूबाईंनी ती बंद केली होती. त्याऐवजी आणखी एक वाकळ काढावी, असा घरचा दंडक होता.

असा हा साधा हिशोब घेऊन आजी एका नोव्हेंबरात मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी शिकागोला गेल्या. मिशिगन सरोवरावरून येणारा वारा पहिल्याच आठवड्यात त्यांना शिकवू लागला की येथे शालीचा उपयोग नाही. डिसेंबरात बर्फ पडले आणि जानेवारीत पारा उणे २० पर्यंत उतरला. रस्त्यावरील माणसांचे केवळ डोळे दिसत. अंगालगत एक पातळ वस्त्र, त्यावर लोकरीचे, सर्वांत वर वारा अडविणारा कोट, हातात मोजे, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, अशी प्रत्येकाची तयारी असे. आणि घरात शिरताच तेच लोक हे सर्व उतरवून सुती सदऱ्यात वावरत, कारण आत भट्टीची ऊब असे. उंबरठ्यापाशी वस्त्रांचा एक संसार उतरवायचा आणि निघताना तो पुन्हा अंगावर चढवायचा, याचे आजींना प्रथम हसू आले आणि मग त्यांनाही त्याची सवय झाली.

घरच्या रीतीप्रमाणे ४५व्या दिवशी बाळाला मंदिरात नेऊन, भगवंतांसमोर त्याच्या कानी णमोकार मंत्र घालायचा होता. बाळ आजींच्या मांडीवर असावे, अशी सर्वांचीच इच्छा. त्यासाठी जावयांनी आजींकरिता एक कोट आणला. हातात घेतला तर शालीइतका हलका आणि अंगावर घातला तर वाकळीइतका उबदार. आजींनी तो घालून आरशात पाहिले आणि कौतुकाने विचारले, “यात काय भरले आहे हो?”

दहा वर्षांच्या नातीने कोटाच्या आतील पट्टी वाचून दाखविली. “आजी, ८० टक्के डाऊन आणि २० टक्के फेदर. डाऊन म्हणजे बदकाच्या नाहीतर हंसाच्या छातीवरची मऊ पिसे.”

“ती मिळतात कशी?”

मुलगी उत्तर देण्याचे टाळू लागली. परंतु नातीला ठाऊक होते. बहुतेक पिसे मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असतात. काही ठिकाणी तर ती जिवंत पक्ष्याच्या अंगावरूनही उपटतात. आजींनी काही न बोलता कोट उतरवला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि बाळाच्या पाळण्यापाशी जाऊन बसल्या.

त्या रात्री घरात बोलणे झाले. “आई, हे सांगली नाही,” मुलगी काकुळतीने म्हणाली. “मोटारीपासून मंदिराच्या दारापर्यंत चालतानाही कान बधिर होतात. तुला काही झाले तर मी काय करू?” आजी म्हणाल्या, “मग मी घरी थांबते. तुम्ही बाळाला घेऊन जा.” जावई काही बोलले नाहीत; पण प्रेमाने आणलेली वस्तू अशी परत आल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. दोन दिवस घरातील माणसे एकमेकांशी जपून बोलत राहिली.

आजींचेही मन स्वस्थ नव्हते. आपला नेम खरा, की परक्या देशातही आपलेच चालावे हा हट्ट खरा? पक्ष्याची पीडा टाळताना आपण आपल्याच मुलीला आणि जावयांना दुखावत आहोत, हेही त्यांना टोचत होते. सामायिकाला बसल्या तरी हाच विचार पुन्हा पुन्हा येई. ज्या बाळासाठी एवढे दूर यायचे, त्याच्या कानी मंत्र घालण्याच्या दिवशी आपणच जवळ नसायचे, ही कल्पना त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

अखेरीस बोलणे काढले ते नातीने. “आजी, महाराजांच्या पिच्छीलाही पिसे असतात ना?”

“असतात. पण बाळ, ती मोर स्वतःहून टाकतो. पावसाळा सरला की त्याचा पिसारा गळतो. ती गळलेली पिसे वेचून पिच्छी करतात. लहानशा जिवालाही इजा होऊ नये म्हणून तिने जागा झाडायची. मग ती पिसे उपटलेली कशी चालतील?”

“आणि लोकर? तुझी शाल लोकरीची आहे.”

“लोकर कातरली तरी मेंढी पुन्हा चरायला जाते. केस पुन्हा वाढतात.”

नात क्षणभर थांबली. ऑस्ट्रेलियात पुष्कळ ठिकाणी मेरिनो कोकरांना माश्यांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून त्यांच्या मागच्या भागाची कातडीच कापून काढतात, असे तिने वाचले होते. तिने ते सांगितले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे मला ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले. यापुढे लोकर घेताना विचारून घेऊ.” त्यांच्या बोलण्यात ना बचाव होता, ना नातीवर राग. जे कळले त्याप्रमाणे पुढे वागायचे, एवढेच.

मग नातीनेच तोडगा सुचविला. त्याच दुकानात त्याच आकाराचे, पण पॉलिएस्टरचे तंतू भरलेले कोटही होते. जावई आजींना सोबत घेऊन गेले आणि कोट बदलून आणला. नवा कोट थोडा जड होता, घडी केली तरी मोठी होई; पण भिजल्यावर पिसांचा गोळा होतो तसे या तंतूंचे होत नाही, असे विक्रेत्याने सांगितले. ऊब देण्याचे काम शेवटी अडवून धरलेल्या हवेचे. ती पिसांनीच अडवावी असे काही नाही. “हे कशाचे करतात?” आजींनी परतताना विचारले. खनिज तेलापासून, असे कळल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे अगदी निर्दोष असे काही नाहीच. त्यातल्या त्यात कमी दोषाचे घ्यावे, गरजेपुरते घ्यावे आणि फाटेपर्यंत वापरावे.” जावई हसले. दोन दिवसांचा घरातील ताण त्या हसण्याबरोबर निघून गेला.

४५व्या दिवशी आजी पायात लोकरीचे मोजे, साडीखाली उबदार पायजमा आणि वर तो फुगीर कोट घालून निघाल्या. बाळ त्यांच्या छातीशी दुलईत होते. मंदिरात शिरताच सर्वांनी बूट काढले, कोट खुंट्यांना अडकवले आणि आतून नेहमीच्या साड्या आणि धोतरे बाहेर आली. अभिषेकाला उभे राहिलेले श्रावक धोतर-दुपट्ट्यात, अनवाणी. गाव कृष्णाकाठचे असो वा मिशिगनकाठचे, भगवंतांसमोर उभे राहण्याचा वेष एकच होता. बाहेर खुंट्यांवर मात्र शंभरेक कोटांची रांग. नात एकेक कोट उलटून आतील पट्ट्या वाचू लागली, तेव्हा आजींनी तिचा हात हळूच धरला. “दुसऱ्याच्या कोटाची पट्टी वाचायची नसते, बाळ. आपली वाचली, तेवढे पुरे.” मग आत जाऊन त्यांनी बाळाच्या कानी मंत्र घातला.

मार्च सरता सरता एके दिवशी तेथील पारा १० अंशांवर आला आणि तरुण मुले अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत रस्त्यावर फिरू लागली. आजी खिडकीतून पाहून मनमुराद हसल्या. त्यांच्या गावी याच १० अंशांना माकडटोप्या बाहेर निघत. देहाला जी सवय लावावी तशी त्याची थंडी, असे त्यांना वाटले. एप्रिलात परतताना मुलगी कोट पेटीत भरू लागली, तेव्हा आजींनी तो बाहेर काढला. “तिकडे याचे काय काम? येथे कोणाला तरी हिवाळ्यात लागेल, त्याला द्या.” कोट धुवून, गुंड्या तपासून, गरजूंसाठी कपडे गोळा करणाऱ्यांकडे पोहोचता झाला.

पुढच्या पौषात आजी पुन्हा आपल्या मंदिराच्या पायरीवर उभ्या होत्या. मुनिसंघ आला. आजींची शाल डोक्यावरून खांद्यावर उतरली. महाराजांच्या हातातील पिच्छीकडे त्यांची दृष्टी या वेळी थोडी अधिक रेंगाळली. संघ पुढे गेला, थंड वारा सुटला, आणि आजींनी शाल पुन्हा डोक्यावर घेतली.