अंतरावरचा नेम

भातकुली म्हणजेच प्राचीन भोजकट, अशी एक परंपरा ह्या भागात चालत आलेली आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी कृष्णाकडून पराभूत झाल्यावर कौंडिण्यपुरास परतला नाही. जेथे हरला तेथेच त्याने नगर वसविले, ते भोजकट. महाभारतातील हा रुक्मी मोठा धनुर्धर. 'विजय' नावाचे दिव्य धनुष्य त्याच्यापाशी होते. ते घेऊन युद्धाच्या तोंडावर तो पांडवांकडे गेला आणि तुम्हांला भीती वाटत असेल तर मी साहाय्यास आहे, अशा थाटात बोलला. अर्जुनाने त्याला वाटेला लावले. मग तो दुर्योधनाकडे गेला. तेथेही तोच अनुभव. एवढे थोर धनुष्य हाती असून कुरुक्षेत्रावर ते कोणाच्याही कामी आले नाही.

ह्याच गावच्या शिवारात धनुष्याचा प्रश्न आमच्यापुढे आला, तो मात्र पुराणातून नव्हे. आमच्याकडे मिस्सेला येणाऱ्या एका कुटुंबाची तेथे थोडी शेती आहे. वाचकांपैकी ज्यांनी पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पाहिला नसेल, त्यांच्यासाठी सांगतो: जमीन काळी, कसदार, पण विहिरीचे पाणी खारट. त्यामुळे ओलिताची आशा थोडी. खरिपात तूर, कपाशी, सोयाबीन, मूग. आणि पावसाने जमिनीत जी ओल मागे ठेवली तिच्या भरवशावर हरभरा. ह्या हरभऱ्यावरच रात्री रोह्यांचा कळप उतरतो. रोही म्हणजे नीलगाय. सोबत कधी काळवीट, कधी रानडुकरे. ह्या घरचा मुलगा एका रविवारी मिस्सेनंतर मागे थांबला आणि म्हणाला, "फादर, रातच्याला रोही येते अन् सकायी पाह्यलं त हरभऱ्याचे नुसते खुटं राह्यते. एखादा पाडला त बाकीचे येनार नाही. ते क्रॉसबो भेटते म्हंते आता. मले फक्त एवढं सांगा, हे पाप हाय का नाही?"

प्रश्न सरळ होता आणि विचारणाऱ्याचे वर्षाचे पीक त्यात गुंतलेले होते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी हे क्रॉसबो नावाचे प्रकरण काय आहे, ते आम्ही समजून घेतले.

बंदुकीसारखा दस्ता, त्यावर आडवे बसविलेले धनुष्य, ओढलेली दोरी अडकवून ठेवणारी कळ आणि ती सोडणारा चाप, अशी त्याची रचना. आजच्या शिकारी क्रॉसबोच्या टोकांना कप्प्या असतात. दोरी ओढण्यास सत्तर ते नव्वद किलोंचा जोर लागतो, म्हणून ती बहुधा साध्या हाताने ओढत नाहीत. दोरखंडाचे साधन किंवा फिरविण्याचा दांडा वापरतात. एकदा ओढून ठेवली की माणसाच्या दंडाला काही काम उरत नाही. वर दुर्बीण असते. साधे धनुष्य पेलण्यास जी वर्षे घालवावी लागतात, त्यांची येथे गरज नाही. चार दिवसांत नवशिक्याचा बाणही खुणेवर बसू लागतो.

युरोपातील सरदारांना मध्ययुगात ह्याच गोष्टीची धास्ती वाटली. जन्मभर शस्त्रविद्या शिकलेल्या, चिलखत घातलेल्या वीराला काल नांगर सोडून आलेला माणूस दुरून लोळवू लागला. ११३९ साली लॅटरन येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने, पोप इनोसंट दुसरे ह्यांच्या कारकिर्दीत, आपल्या २९व्या नियमाने ह्या धनुर्धरांची विद्या प्राणघातक आणि परमेश्वराला तिरस्करणीय ठरविली आणि ती वापरणाऱ्यांस बहिष्काराची शिक्षा सांगितली. धर्मविद्यालयात हा नियम वाचताना आमच्या मनास अभिमान वाटला होता. पण त्यात 'ख्रिस्ती व कॅथलिक लोकांविरुद्ध' अशी मर्यादा घातलेली आहे. इतरांवर बाण सोडण्याबद्दल परिषदेने मौन पाळले. हे मौन ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा भाग आहे आणि ते झाकून ठेवण्यात काही शोभा नाही. आणि ज्यांच्यासाठी बंदी घातली, त्यांनीही ती मानली नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, तो ११९९ साली फ्रान्समधील शालूच्या गढीला वेढा घालून बसलेला असताना तटावरून सुटलेला असाच एक बाण त्याच्या खांद्यात शिरला. तो जागीच मेला नाही. जखम सडली आणि तेथून मरण यावयास दहाबारा दिवस लागले.

राजाची ही कथा आम्ही त्या तरुणाला सांगितली, कारण रोह्याच्या बाबतीत नेमके हेच घडते. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते. बाण रक्तस्रावाने मारतो. छातीच्या योग्य जागी शिरला तर जनावर थोड्या वेळात पडते. हातभर मागे लागला, तर ते पोटात पाते घेऊन पळते आणि कोणाच्या तरी तुरीत रात्रभर तडफडते.

येथे अंतराचा हिशेब येतो. वेगवान क्रॉसबोचा बाण सेकंदाला सुमारे १२० मीटर जातो. ऐकावयास हा वेग भयंकर वाटतो; पण ध्वनी त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो. जनावर साठ मीटरवर असेल तर बाणाला तेथे पोहोचण्यास अर्धा सेकंद लागतो, आणि दोरीचा खाडकन झालेला आवाज त्याच्या कितीतरी आधी कानावर पडतो. मध्ये सेकंदाचा तिसरा हिस्सा उरतो. सावध जनावराला दचकून दबण्यास किंवा वळण्यास तेवढा पुरतो. ज्या जागेवर नेम धरला ती जागा तेथे राहिलेलीच नसते. शिवाय बाण सरळ रेषेत जात नाही. त्या अर्ध्या सेकंदात तो सव्वा मीटर खाली येतो. शंभर मीटरवर साडेतीन मीटरांहून अधिक. दुर्बिणीतील खुणा ह्या पडण्याची भरपाई करतात खऱ्या, पण अंतर अचूक ठाऊक असेल तरच. शंभर मीटरला पाच मीटरांची चूक झाली तर बाण वीतभर चुकतो, आणि अंधाऱ्या शिवारात पाच मीटरांची चूक कोणाची होत नाही? ह्यात वाऱ्याचा विचार आम्ही अजून केलेलाच नाही. क्रॉसबो शंभर मीटरवरची पाटी भेदतो ह्यात खोटे काही नाही. पाटी दचकत नाही, एवढाच फरक.

पाटीवरच्या नेमाचे आम्हांला कौतुकच आहे. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेला साताऱ्याचा प्रवीण जाधव आपल्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. ऑलिंपिकमध्ये सत्तर मीटरवरून नेम धरावा लागतो आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम सव्वाबारा सेंटिमीटरचे असते. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत, पन्नास मीटरवरून, अंतिम सामन्यातले पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्यांचा एखादा बाण चुकला तर गुण जातो, दुसऱ्या कोणाचे काही जात नाही.

प्रवचनात आम्ही धर्मगुरू एक गोष्ट पुष्कळदा सांगतो. पापासाठी ग्रीक भाषेतला 'हमार्तिया' हा शब्द नेम चुकण्यावरून आला. हिब्रूतही तसेच. शास्त्यांच्या पुस्तकात केसावरही नेम न चुकणाऱ्या बन्यामीन वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणधाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि तेथील 'चुकणे' हे क्रियापद पाप करण्यासाठीही वापरले जाते. उदाहरण सुंदर आहे, परंतु ते अर्धेच आहे असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. लॅटरनच्या परिषदेने त्या धनुर्धरांना दोष दिला तो त्यांचा नेम चुकतो म्हणून नव्हे, तो लागतो म्हणून. आपल्या देशाचा १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तर आणखी पुढे जातो. मारणे ही शिकार, आणि मारण्याचा प्रयत्न हीही शिकारच. बाण लागो वा न लागो.

आमचे उत्तर आम्ही त्याला स्पष्ट दिले. जनावर मारणे हे मुळातच पाप, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. अन्नासाठी, रक्षणासाठी ते माणसाच्या हाती दिलेले आहे. पण विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे. रात्री, दुरून, चार दिवसांच्या सरावावर सोडलेला बाण बहुतेक वेळा यातनाच देईल. तेव्हा ते करू नकोस. पिकाचे नुकसान फार असेल तर वनखात्याकडे रीतसर अर्ज कर. लेखी परवानगीची तरतूद कायद्याच्या ११व्या कलमात आहे.

तो म्हणाला, "फादर, तुमचं बराबर हाय. पण अर्जाचा कागद येईस्तोवर हरभरा राह्यते का?"

ह्यावर आमच्यापाशी शास्त्र नव्हते. वडील त्याला गप्प करू लागले. आम्ही त्यांना थांबविले. उपदेश करणाऱ्याचे ताट भरलेले असते आणि ऐकणाऱ्याचे शेत उघडे असते, हे त्या मुलाने तोंडाने म्हटले नाही, पण आम्हांला ते ऐकू आले. पुढल्या आठवड्यात आम्ही शेजारच्या तीन शेतकऱ्यांना त्या घरी बोलावले. त्यांतला एकही आपल्या धर्मग्रामातला नव्हता. चौघांनी मिळून झटका मशीन घेण्याचे ठरविले, धुऱ्याच्या तारा एकमेकांना जोडल्या आणि राखणीच्या रात्री वाटून घेतल्या. एका रात्री आम्हीही मचाणावर बसलो. पहाटे तीनच्या सुमारास कळप आला. तारेजवळ थबकला, फुरफुरला. बहुतेक जनावरे माघारी फिरली. एक मोठा नर मात्र तार सहज उडी मारून ओलांडून आत आला, आणि तो मुलगा डबा बडवीत, अनवाणी, ओल्या हरभऱ्यातून त्याच्यामागे धावत सुटला.