हवेची नाव आणि हतनूरचे पाणी

खानदेशात पाणी ही कधी खेळण्याची वस्तू मानली गेली नाही. पांझरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी नदीवर बंधारे घातले, पाट काढले आणि फड पद्धतीने पाणी वाटून घेतले. ती व्यवस्था कित्येक पिढ्या चालली. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सेवेत दाखल झाले, तेव्हा त्यांच्या वाट्यास आलेल्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक याच पांझरेच्या एका प्रवाहावर नळाचा सायफन बांधण्याचे होते. जळगावने तर पी.व्ही.सी. नळ आणि ठिबक सिंचन यांवर नाव कमावले. पाणी अडवावे, वळवावे, थेंबाथेंबाने केळीला द्यावे, ही आपली रीत. त्यावर निवांत तरंगत बसावे, हा विचार आपल्याकडे थोडा चैनीचाच ठरतो. म्हणूनच साठी उलटलेल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने हवा भरून फुगवायची नाव घेतली, हे ऐकून दाणाबाजारातील माझ्या एका मित्राने एवढेच विचारले, “साहेब, पैसे पाण्यात घालायचे तेवढे राहिले होते का?”

प्रश्न व्यापाऱ्याचा होता, म्हणून उत्तरही हिशेबानेच दिले. नाव, दोन वल्ही, हवेचा पंप आणि चार जीवरक्षक जाकिटे मिळून अठरा हजार रुपये. आयुष्य पाच वर्षे धरले, वर्षाला दहा फेऱ्या धरल्या, तर फेरीमागे घसारा ३६० रुपये. चार माणसे सिनेमाला गेली तर याहून अधिक खर्च होतो आणि अंधारात बसावे लागते ते वेगळेच. मित्राने पेट्रोलचा खर्च धरला नाही म्हणून हरकत घेतली. ती रास्त होती.

या नावेला कयाक म्हणतात. मूळची ती उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली. हवेवर तरंगण्याची युक्ती त्याहूनही व्यापक आहे. प्राचीन असीरियाच्या शिल्पपटांत फुगवलेल्या कातडी पिशव्यांना बिलगून नदी पार करणारे सैनिक कोरलेले आहेत. १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने अंगावर पांघरायचा झगाच फुगवून नाव होईल, अशी रचना केली होती. आपल्याकडे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड होती. आजही धरणांच्या फुगवट्यात मालमोटारीच्या चाकाची ट्यूब फुगवून, तीवर बसून जाळे टाकणारे मच्छीमार दिसतात. माझी नाव म्हणजे त्या ट्यूबचीच जरा सजलेली बहीण.

खरेदी करताना रंग आणि चित्रे यांना भुलू नये. पाहण्याच्या गोष्टी दुसऱ्याच असतात. हवेचे कप्पे निदान तीन, आणि एकमेकांपासून स्वतंत्र असावेत; एक फुटला तरी उरलेले दोन माणसाला तोलून धरतात. भारक्षमता १८० किलो लिहिलेली असली, तरी मी १२० किलोच्या पुढे जात नाही. कर्ज मंजूर करताना तारणाच्या पूर्ण किमतीइतकी रक्कम आम्ही कधी देत नसू, तोच न्याय. तळ शक्यतो दोन थरांच्या मध्ये हजारो धागे विणलेला असावा. तो अधिक दाबाने भरता येतो आणि लाकडी फळीसारखा ताठ राहतो, मात्र त्याची किंमतही चढी असते. तळाला बसवायचा छोटा पंख डब्यात आहे ना, हे दुकानातच पाहावे. त्याच्याविना ही हलकी नाव वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी गोल फिरते.

आपल्या प्रदेशासाठी एक जास्तीचा इशारा. पहाटे २० अंश तापमानाला बाजूच्या नळ्यांत दोन पौंड दाबाने हवा भरली आणि नाव उन्हात ४५ अंशांपर्यंत तापली, तर आकारमान तेवढेच राहिले असे धरल्यास तोच दाब साडेतीन पौंडांच्या घरात जातो. शिवणी उसवायला एवढे पुरते. म्हणून काठावर आल्यावर नाव उन्हात टाकून डबा खायला बसू नये; आधी झडप सैल करावी. फुगवलेली नाव गाडीच्या टपावर बांधून नेणे तर नकोच.

जावे कुठे? धुळ्याचा नकाणे तलाव देखणा आहे, पण ते शहराच्या पिण्याचे पाणी. तिथे आपली हौस नको. जळगावचा मेहरूण तलाव हाताशी आहे, पण तिथे माणसे फार, शिवाय तो महापालिकेचा. विचारल्याशिवाय उतरू नये. आम्ही जातो ते भुसावळ, वरणगाव ओलांडून मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेवला. तापी आणि पूर्णा यांचा संगम तिथे होतो. खाली हतनूरचे ४१ दरवाजांचे धरण असल्याने फुगवट्याचे पाणी इथवर पसरते. काठावर चांगदेवांचे पुरातन दगडी मंदिर आहे. योगसामर्थ्याचा अभिमान घेऊन वाघावर बसून आलेले चांगदेव मुक्ताईचे शिष्य झाले, ती कथा ज्या नावांभोवती फिरते ती दोन्ही नावे या परिसरातील गावांना मिळाली आहेत. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुके असते आणि त्यातून चक्रवाकांचा आवाज आधी येतो, पक्षी मागाहून दिसतात. संस्कृत काव्यात वाचलेला हा पक्षी प्रत्यक्षात चांगला बदकाएवढा, नारिंगी रंगाचा असतो, हे मला निवृत्तीनंतर कळले. इंजिन नसल्याने त्यांच्या थाऱ्यात खळबळ होत नाही, तरी थव्यापासून दूरच राहावे. दुरून आलेल्या पाहुण्यांना विश्रांती हवी असते.

काठ मात्र सोपा नाही. पाणी ओसरले की गाळ उघडा पडतो आणि पाय पोटरीपर्यंत रुततो. कोरड्या भागात गाळपेर झालेली असते. कोणाच्या हरभऱ्यातून नाव ओढत नेऊ नये. वेड्या बाभळीचे काटे हा नावेचा खरा शत्रू. तिथल्या एका मच्छीमाराने पहिल्याच दिवशी नाव दोन बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाला, “बाबा, काट्याचं मी पाहीन, तुम्ही वाऱ्याचं पाहा.” तो रोज त्या पाण्यावर असतो. त्याच्या सांगण्यावरून आम्ही सकाळी दहाच्या आत काठाला येतो आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जातो, म्हणजे थकल्यावर वारा आपल्याला परत आणतो. धरणाची भिंत, दरवाजे आणि मुख्य धार यांच्याकडे फिरकत नाही. तिथे पाटबंधारे खात्याची मनाई असते, आणि ती योग्यच आहे. पावसाळ्यात वर विदर्भ-मध्य प्रदेशात पाऊस झाला की इथे निरभ्र आकाश असतानाही पाणी चढते आणि दरवाजे उघडतात. त्या चार महिन्यांत नाव माळ्यावरच असते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या घरांत मुलांना हिशेब लवकर शिकवतात, पोहणे नाही. मुलींना तर नाहीच. दर वर्षी सहलीला गेलेली मुले धरणात बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि “पाण्याजवळ जाऊ नका” एवढेच सांगून मोकळे होतो. नाव घरी आली तेव्हा मी ती उघडू दिली नाही. आधी सर्वांनी पोहायला शिकायचे, ही अट घातली. नात तीन आठवड्यांत शिकली. सुनेला चार महिने लागले. चाळिशीपर्यंत तिने गुडघ्याच्या वर पाणी पाहिले नव्हते, आणि तलावाच्या कठड्याचा हात सोडायलाच तिला सतरा दिवस लागले. सौभाग्यवतींनी साफ नकार दिला. त्या काठावर छत्री धरून बसतात आणि जाकिटाची पट्टी बांधलेली आहे की नाही हे तपासल्याशिवाय कोणालाही पाण्यात जाऊ देत नाहीत. हे पद आमच्या घरात सर्वांत अधिकाराचे आहे.

परतल्यावर नाव सावलीत वाळवावी लागते. शिवणींच्या खाचांत ओल राहिली तर आठवड्यात बुरशी येते. पूर्ण कोरडी झाल्यावर शंखजिऱ्याची पूड मारून सैल घडी घालावी आणि धान्याच्या कोठीपासून दूर ठेवावी, कारण उंदरांना पी.व्ही.सी. वर्ज्य नाही. मागच्या माघात दाणाबाजारातील ते मित्र आमच्याबरोबर चांगदेवला आले. पोहता येत नसल्याने त्यांना नावेत घेतले नाही. त्यांनी काठावरूनच आमच्या फेऱ्या मोजल्या, आणि सोमवारी आपल्या दोन्ही नातवांची नावे जलतरण वर्गात घातली.