दिवेलागणीनंतरचं अंगण

थंडी पडू लागली की जुन्नर तालुक्यातल्या आळे गावाच्या मळ्यांमध्ये दोन गोष्टी एकाच सुमाराला सुरू होतात. ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि कडब्याच्या गंजीआड कुत्र्या वितात. गावठी कुत्री बहुतेक पावसाळा सरता सरता माजावर येते आणि नऊ आठवड्यांनी पिल्लं देते. संक्रांतीच्या आसपास ती दोन महिन्यांची होतात. मग कुणाचं तरी पोर स्वेटरच्या आत लपवून एक पिल्लू घरी आणतं. नाव वाटेतच ठरलेलं असतं, मोत्या नाहीतर वाघ्या.

बिबट्याचं घर मोडतं तेही याच दिवसांत. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी जुन्नर तालुक्यात पाणी खेळवलं, पाण्यामागून ऊस वाढला आणि त्या उंच, दाट उसात बिबट्याने संसार थाटला. तोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात. वनखात्याची माणसं ते त्याच जागी ठेवून मादी येऊन घेऊन जाईल याची वाट पाहतात. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा माणसाच्या आसऱ्याने जगणाऱ्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता.

पिल्लाला शिस्त लावण्याचा जगभर सांगितला जाणारा पहिला धडा इथे अडतो तो याच आकड्यापाशी. रात्री पिल्लू कुरकुरलं की त्याला उचलून बाहेर न्यावं, असं कुठलाही जाणकार सांगेल. आळ्यात रात्रीचं बाहेर म्हणजे उसाची कड.

पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर त्याची अडचण साधी आहे. पहिले दोन-तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्याला लघवी होते, आणि जागाही तीच साफ करते. पाय फुटले की ते झोपायच्या जागेपासून दूर जाऊन बसायला शिकतं. म्हणजे स्वच्छतेची ओढ त्याच्यात असतेच, फक्त लघवी थोपवण्याची ताकद आलेली नसते. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपलीकडे कळ काढू शकत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला हमखास जावं लागतं. जमीन हुंगत ते गोल फिरू लागलं की वेळ झाली असं समजावं.

याच वयात पायाखालच्या जमिनीची सवयही पक्की होत जाते. मातीवर बसायला शिकलेलं पिल्लू माती शोधतं, फरशीवर शिकलेलं फरशी. म्हणून मळ्यातल्या घराला एक सोपी वाट आहे. पडवीला किंवा ओट्याला वरून-खालून भक्कम जाळी ठोकावी, कोपऱ्यात दिवा लावावा आणि तिथे पसरट घमेल्यात शेतातलीच माती भरून ठेवावी. रात्रीची सोय जाळीच्या आत होते आणि दिवसा बाहेरच्या मातीवर नेलं की पिल्लाला ती परकी वाटत नाही. संध्याकाळचं खाणं जरा लवकर द्यावं. पाणी मात्र तोडू नये.

योग्य जागी बसलं की शाबासकी तिथल्या तिथे, त्याच क्षणी मिळायला हवी. घरात ओलं केलं म्हणून त्याचं नाक त्यात घासण्याची जुनी रीत सोडून द्यावी. काही वेळापूर्वी केलेल्या लघवीचा आणि या शिक्षेचा संबंध पिल्लाला लागत नाही. माणसासमोर लघवी करायची नाही, एवढंच ते शिकतं आणि पलंगाखाली जाऊन बसतं. जागा नीट धुऊन वास घालवणं जास्त कामाचं, कारण राहिलेला वास त्याला पुन्हा तिथेच बोलावतो.

पिल्लासाठी घर तयार करायचं तर मळ्याकडे त्याच्या उंचीवरून पाहावं लागतं. जुन्नर-आंबेगावची ओळख असलेला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तेव्हा कांद्याच्या बराखीची खालची फट बंद करावी, आणि कांदा घातलेलं कालवण भाकरीत कुस्करून देऊ नये. नारायणगाव पट्ट्यातली द्राक्षं, आणि त्यांचे बेदाणेही, कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. फवारणीची औषधं, उंदरांसाठी टाकलेल्या गोळ्या आणि मोटारीच्या वायरी उंच जागी हलवाव्यात. शेततळ्याचा प्लास्टिक कागद तर इतका निसरडा असतो की आत पडलेलं जनावर पोहूनही वर येऊ शकत नाही. कुंपण घालावं आणि काठाला गाठी मारलेला जाड दोर सोडून ठेवावा.

आळ्यातच एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर इथे विसावला, अशी श्रद्धा आहे, आणि लोक आजही तिथे माथा टेकतात. मुक्या जनावराला एवढा मान देणाऱ्या गावात पिल्लाची रात्र साखळीला बांधून जाऊ नये. फाटकाशी बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, लपता येत नाही. शिवाय तो बिबट्याला थेट उंबऱ्यापर्यंत आणतो, जिथे पोरं अंथरुणातून उठून लघवीला जातात. जाळीतला कुत्रा म्हणजे पोरांचीही राखण.

धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा पूर्वीपासून असतो. २०२५च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये शेतात जाणाऱ्या माणसांनीच तसे पट्टे स्वतःच्या गळ्यात घातले. तिथे बिबट्याने माणसं मारली होती. पट्टा गळा वाचवतो, पण पिल्लाच्या नाजूक मानेला तो पेलत नाही. त्याला बंद दारच हवं.

दुसरं संरक्षण सुईतून येतं. सहा ते आठ आठवड्यांत जंताचं औषध आणि डिस्टेंपर-पार्व्हो या विषाणूजन्य आजारांवरची पहिली लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची. डिस्टेंपर कुत्र्यांपाशी थांबत नाही. १९९४ साली सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने गेले, आणि २०१८ मध्ये गीरच्या सिंहांतही तोच विषाणू सापडला. आळ्यातल्या मोत्याला टोचलेली लस उसातल्या बिबट्याच्याही कामाची आहे.

सहा-सात महिन्यांचा झाला की मोत्या रात्रभर कळ काढू लागतो. घमेलं हळूहळू दाराकडे सरकवत एक दिवस उचलून टाकता येतं. नेमकं तेव्हाच घरात कुणीतरी म्हणतं, आता मोठा झाला, बांधा फाटकाला. त्याचं काम घर जागं करण्याचं आहे, आणि भुंकणं जाळीतूनही दोन शेतांपलीकडे ऐकू जातं. येत्या दिवाळीनंतर फड पुन्हा मोकळे होऊ लागतील. त्याआधी जाळीचे सैल झालेले खिळे ठोकून घ्यावेत आणि दाराला नवी कडी बसवावी.