वाळूतला केक

मुलांनो, आमच्या नायगावच्या घरात ओव्हन नाही. तरी दर नाताळात केक होतो आणि तो भाजतो चक्क वाळूत! करंज्या-शंकरपाळ्या आधीच होतात. केक मात्र २४ डिसेंबरला, गल्लीतली पोरं जमल्यावर.

मागच्या नाताळात सहा जण आले. २ वाट्या रवा, १ वाटी दही, १ वाटी पिठीसाखर आणि अर्धी वाटी तूप कालवून झाकून ठेवलं. रवा फुगेपर्यंत अर्धा तास गोष्ट!

"नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. अर्थ, जन्म. येशूचा जन्म बेथलेहेमचा. हिब्रू भाषेत बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर."

"ज्वारीच्या का, बाई?"

"तिकडं गव्हाची नि जवाची!"

मग पुढचं सांगितलं. खानेसुमारीत नाव नोंदवायला योसेफ आणि मरिया नासरेथहून तिथं आले. उतरायला जागा मिळेना. बाळ जन्मलं, ते गव्हाणीत निजवलं. गव्हाण म्हणजे काय, हे आमच्या पोरांना सांगावं लागत नाही.

कोपऱ्यातला एक जण हळूच म्हणाला, "मह्ये माय-बाप बी ऊसतोडीला गेलेत. कोपीत राहतेत."

तो आजीजवळ राहतो. दिवाळी झाली की आई-वडील जातात, ते थेट उन्हाळ्यात येतात. काय बोलावं मला सुचेना. मी दूध आणि पाऊण चमचा खाण्याचा सोडा घालून पीठ ढवळलं. कढईत वाळू तापली होती. (हे काम मोठ्या माणसानंच करायचं बरं का!) त्यात भांडं ठेवून वर झाकण घातलं.

"आता पाऊण तास उघडायचं नाही. सोड्याचे बुडबुडे पीठ वर उचलतात. कच्चं असताना गार हवा लागली की केक बसतो. नाताळाआधीचे चार रविवारही असेच वाट पाहण्याचे. त्याला आगमनकाळ म्हणतात."

मी चहा ठेवायला वळले, तोच झाकण वाजलं. तोच मुलगा! केक मधोमध खचला. बाकीची पोरं त्याच्यावर तुटून पडली.

तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, वाट पाहायचा लई कंटाळा आला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. झाकण परत ठेवलं. केक भाजला, पण खळगा राहिलाच. त्यात किसलेला गूळ भरला आणि सात तुकडे केले. त्यानं आपला तुकडा कागदात गुंडाळला.

"मायसाठी."

"अरे, इतके दिवस टिकायचा नाही तो. तू खा. ती आली की पुन्हा करू. राखणीला तूच बसायचं."

ईस्टरच्या सुमारास ती माणसं परतली. ठरल्याप्रमाणे केक केला. पाऊण तास पठ्ठ्या जागचा हलला नाही. त्याची माय मात्र दोनदा डोकावून गेली, "झाला का रं?"

"माय, थांब की जरा!" तो म्हणाला.