नाकुरू व्हाया रबाळे

माझी एक मैत्रीण दीड वर्षं केनियासाठी पैसे साठवतेय. मसाईमारा, मग लेक नाकुरू. तिच्या ब्रोशरवर नाकुरूचा तलाव अख्खा गुलाबी दिसतो. काठावर फ्लेमिंगोच फ्लेमिंगो, मागे बाभळींचं रान, गवताळ माळ, उंच कडे, शिवाय गेंडे. एकाच नॅशनल पार्कात एवढी व्हरायटी! सॉल्लिड ना?

घोळ एवढाच, की २०१० नंतर तिथलं पाणी वाढतच गेलं. पार्कचं जुनं मेन गेट बुडालं. पाण्याचा खारेपणा उतरला, फ्लेमिंगोंचं खाणं असलेलं शेवाळ घटलं आणि बरीचशी मंडळी बोगोरियासारख्या दुसऱ्या तलावांवर उडून गेली. ब्रोशरला हे कोण सांगणार!

म्हटलं, तोवर रविवारी रबाळ्याला ये. ती खो खो हसली. रबाळे म्हणजे एमआयडीसी, केमिकलचा वास आणि ट्रान्सहार्बरची गर्दी. खरंच आहे ते. पण स्टेशनवरून रिक्षाने ऐरोलीला गेलं की वनखात्याचं जैवविविधता केंद्र लागतं, तिथून बोट सुटते. वेळ मात्र भरती-ओहोटी ठरवते, बॉस नव्हे.

दोन्हीकडे तिवरांच्या भिंती, कोळ्यांच्या होड्या, विजेचे टॉवर. आणि मग चिखलावर तो गुलाबी पट्टा. कुणीतरी भलीमोठी साडी वाळत घातल्यासारखा. मान खाली, चोच उलटी, सगळे निमूट कामाला. (सोमवारी सकाळी आमचं ऑफिस असंच दिसतं.) मध्येच करडी पिल्लं. हा रंग जन्मजात नसतो, शेवाळातून अंगात उतरतो. जातही नाकुरूवालीच, छोटा रोहित. मैत्रीण मोबाइल काढायचीच विसरली.

ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, साधारण १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये रामसर यादीतही आला. पण भरतीला हा चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा पक्षी टेकायला नेरुळकडच्या पाणथळ जागा गाठतात. त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर. २०२४ मध्ये त्यातल्या एका तलावात भरतीचं पाणी येणं अडलं, तलाव सुकला, काही फ्लेमिंगो मेले. तिथे पाणी चढलं म्हणून, इथे आटलं म्हणून. आफ्रिकेतल्यांना निदान दुसरे तलाव आहेत. आपल्याकडच्यांनी कुठे जायचं, टॉवरच्या स्विमिंग पूलमध्ये?

मैत्रिणीने केनिया कॅन्सल केलेलं नाही, बरं का. परतताना रबाळे स्टेशनच्या जिन्यावरूनच तिने ट्रॅव्हल एजंटला फोन लावला आणि विचारलं, "बोगोरिया घालता येईल का हो?"