झिजलेलं टूल

पिथमपूरला तीन वर्षं मी कामावर दोनच शब्द बोलत होतो : पास आणि रिजेक्ट.

धार जिल्ह्यातल्या या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासनीस होतो. समोर शाफ्टची रास, हातात स्नॅप गेज. या गेजला दोन तोंडं असतात, एक ‘गो’, दुसरं ‘नो-गो’. शाफ्ट पहिल्यातून सरकला पाहिजे आणि दुसऱ्यापाशी अडला पाहिजे. पहिल्यातच अडला तर तो जाड, दुसऱ्यातूनही गेला तर बारीक. जाड असेल तर पुन्हा लेथवर चढवता येतो. बारीक झाला की भंगार. डोकं चालवायचं कामच नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

लेथवर एक वयस्क टर्नर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते माझ्या लाल पेटीतले शाफ्ट उचलायचे, ज्या क्रमाने बनले त्या क्रमाने ओळीत मांडायचे आणि एकेकाला मायक्रोमीटर लावायचे. 20.03, 20.04, 20.06. “देखो, चढ़ रहा है.” माप एकाच दिशेने चढत असेल तर टूलची धार झिजते आहे, दर खेपेला ते जरा कमी धातू काढतं, म्हणून शाफ्ट जाड होत जातो. पण मापं कधी वर, कधी खाली, कशीही उडत असली, तर ते टूलआधी पकड बघायचे. चकमध्ये जॉब सैल बसलेला असायचा. मला पेटीत नुसता रिजेक्ट माल दिसायचा, त्यांना त्यात दोन निरनिराळे आजार दिसायचे.

हे मी रोज बघत होतो आणि त्यातलं काहीही शिकत नव्हतो.

कारखाना सुटला. मग देवासच्या मंडीत सोयाबीनच्या एका व्यापाऱ्याकडे दोन हंगाम मुनीमगिरी केली. शेठजी दाणा दाताखाली धरायचे. ‘कट्ट’ वाजला तर सुका, नुसता दबला तर ओला. सरकारी खरेदीत ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो. शेठजींचे दात त्याच्या आसपासच निकाल द्यायचे. पण त्याआधी ते कोपरापर्यंत हात ढिगात खुपसून तळातली मूठ काढायचे, कारण वरचा थर उन्हाने वाळलेलाच असतो. दाणा दाताखाली जाई तेव्हा शेतकरी दाण्याकडे बघतच नसे. तो शेठजींच्या चेहऱ्याकडे बघे. बोली लागण्याआधीच त्याला भाव कळलेला असायचा.

त्यानंतर बी.एड. आणि मास्तरकी. शाळा देवासजवळच्या एका गावातली. पहिलं वर्ष मी तपासनीसच राहिलो. वह्यांचे दोन गठ्ठे करायचे, बरोबरचा आणि चुकीचा, आणि चुकीचा गठ्ठा टेबलावर जरा जोरात आपटायचा. प्रश्न विचारायचो तो पुढच्या बाकांना, म्हणजे ढिगाच्या वरच्या थराला. दोन हंगाम मंडीत काढलेल्या माणसाने हे करावं! माणूस नोकरी बदलतो तेव्हा जुन्या नोकरीतलं नेमकं नको ते आधी बरोबर येतं, असं माझं मत आहे.

आमच्या भागातले जुने शिक्षक अजून ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांची आठवण काढतात. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत सुरू झालेला तो विज्ञानाचा प्रयोग पुढे ‘एकलव्य’ संस्थेने देवासकडेही आणला. 2002 मध्ये तो बंद झाला. त्यात शिकवलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला सांगितलं, की एकच बाक सगळ्या वर्गाकडून मोजून घ्यायचा आणि आलेली सगळी मापं फळ्यावर मांडायची. पुसायचं काही नाही. मी ते ऐकलं आणि मला उस्तादांची ओळ आठवली.

त्या आठवड्यात एका मुलीच्या वहीतली चुकलेली उदाहरणं मी क्रमाने कागदावर उतरवली. 0.4 पेक्षा 0.35 मोठा. 0.35 पेक्षा 0.125 मोठा. 0.7 पेक्षा 0.62 मोठा. एकही चूक इकडेतिकडे नाही, सगळ्या एकाच दिशेने चढणाऱ्या. पोरीकडे नियम होता आणि तो ती इमानाने पाळत होती : आकडे जास्त, तर संख्या मोठी. हा नियम हिला दिला कोणी? दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना मी स्वतःचाच आवाज ऐकला. “शून्य दशमलव पैंतीस.” पस्तीस चारपेक्षा मोठेच की! झिजलेलं टूल माझ्या तोंडात होतं. तेव्हापासून मी ‘तीन, पाँच’ असं सुटं वाचतो आणि 0.4 च्या पुढे एक शून्य लिहून दाखवतो.

धारला माझं आजोळ. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके वसईचे. पण ते धारला आले आणि धारचेच झाले. 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मामा मला लहानपणी त्यांच्या स्टुडिओत घेऊन जायचा. समोरून करारी दिसणारा एक चेहरा बाजूने बघितला की थकलेला वाटे, आणि मी घाबरून पुन्हा समोर येत असे. वहीत एक दिसणारं पोर फळ्यापाशी दुसरंच निघतं, तेव्हा मला तो चेहरा आठवतो. वही दाखवायला आलेलं पोर वहीकडे बघत नाही, हेही आता माझ्या लक्षात आलंय. म्हणून तपासताना मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवतो. बायको म्हणते, घरीही तसाच असतो.

उडणाऱ्या मापांचा मुलगा मात्र यंदा भेटला. सोमवारी वर्गसमीकरण बिनचूक सोडवणारा, बुधवारी साध्या वजाबाकीत अडखळणारा. त्याला नियम समजावण्यात मी महिना घालवला. मग एकदा बाहेर झाडाखाली बसवून विचारलं, “खेत में लाइट कब आती है?”

“रात को बारह बजे, माट्साब.”

गव्हाला पाणी द्यायला तोच जातो, वडिलांचा पाय अधू आहे. आठवड्यातून तीन रात्री. मी त्याची चाचणी त्या दिवसांतून काढून इतर दिवशी ठेवली. पंधरवड्याने लाइटची वेळ बदलली, तेव्हा तोच सकाळी माझ्याकडे आला आणि नवं वेळापत्रक माझ्या डायरीत लिहून गेला.