मेणबत्तीचा कणा

नक्कल करणाऱ्या वस्तूंविषयी सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात एक ठरावीक तुच्छता असते. प्लास्टिकची फुले, विजेची समई, पत्र्यावर रंगवलेले लाकूड यांची नावे निघताच नाक मुरडणे हे अभिरुचीचे लक्षण समजले जाते. या तुच्छतेला आधार नाही असे नाही. नक्कल करणारा बहुधा वस्तूचे कातडे तेवढे उचलतो आणि ती वस्तू उभी कशी राहते याचा विचार विकत घेणाऱ्यावर सोपवतो. विजेच्या शोभिवंत मेणबत्त्या तयार करण्याचे काम आम्हां दोघा भावांवर येऊन पडले, तेव्हा आम्हांला विचार करावा लागला तो नेमका या आतल्या बाजूचा.

खरी मेणबत्ती ही स्वतःच स्वतःचा खांब असते. जे जळायचे तेच ज्योतीला उचलून धरते, आणि जसजसे जळते तसतसे ज्योतीला खाली आणते. विजेच्या मेणबत्तीत ही एकजूट मोडते. बाहेरची पांढरी नळी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची असते. तिच्या कडेवरून मेणाचे ओघळ कितीही हुबेहूब काढले तरी तिच्यावर भार टाकता येत नाही. दिवा आणि होल्डर यांना आतून वेगळा कणा लागतो, आणि त्याच कण्याच्या पोटातून तारही न्यावी लागते.

हा प्रश्न विजेच्या दिव्याइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलंडातील क्रॅगसाइड या आपल्या घरी विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८८०च्या सुमारास जोसेफ स्वान यांचे दिवे लावले, तेव्हा ग्रंथालयातले काही दिवे मीनाकारीच्या तांब्याच्या कलशांवर बसवले होते. कलशाचे तांबे हाच प्रवाहाचा एक मार्ग होता. दुसरी तार कलशाच्या आतून खाली जाऊन पाऱ्याच्या वाटीत बुडत असे. कलश जागचा उचलला की दिवा विझे. आधार आणि वाहक एकच, अशी ती सुटसुटीत योजना होती. आजच्या घरात उघड्या धातूतून वीज खेळवण्याची कल्पनाही कुणी करणार नाही, परंतु आधाराचा आणि तारेचा विचार एकत्रच करावा लागतो, हा तिचा धडा मात्र टिकून आहे.

आमच्या घरी पाच वाट्यांचे एक पितळी शमादान आहे. नाताळाआधीच्या चार आगमन-रविवारी त्यातली एकेक मेणबत्ती वाढत्या क्रमाने लावायची आणि नाताळाच्या आदल्या रात्री मधली पाचवी, असा आईचा अनेक वर्षांचा परिपाठ. या प्रथेचे मूळ हॅम्बुर्गला सापडते. योहान हिनरिख व्हिखेर्न या धर्मोपदेशकाने १८३९ साली आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांना नाताळ किती दिवसांवर आला हे कळावे, म्हणून लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या होत्या. म्हणजे त्या मेणबत्त्या उजेडासाठी नव्हत्याच. त्या वेळ मोजण्यासाठी होत्या.

दोन वर्षांपूर्वी आईच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला आणि तिच्या खाटेशेजारी प्राणवायूचे यंत्र आले. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला तो भडकवतो. अंथरूण, कपडे, केस यांत तो रेंगाळतो. अशा खोलीत उघडी ज्योत नको, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. शमादान दुसऱ्या खोलीत ठेवावे, ही आमची सूचना आईने मोडीत काढली. "मी इथे आणि दिवे तिकडे, मग लावायचे कुणासाठी?" असा तिचा प्रश्न होता. त्यावर उत्तर नव्हते, म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेतली.

वीज २३० व्होल्टची न घेता १२ व्होल्टची घ्यायची, हे प्रथम ठरवले. पितळी शमादानाला आई हात लावणार, त्याची धूळ पुसणार, आणि यंत्राच्या नळ्या जवळून जाणार. अडॅप्टर खोलीबाहेर ठेवला. दिवे एकेक वॉटचे एलईडी घेतले. मेणबत्तीचा उजेड सुमारे १२ ल्यूमेन भरतो आणि असा लहानसा दिवाही त्याच्या सहा-आठ पट उजेड देतो, तेव्हा याहून मोठा घेणे म्हणजे ज्योतीच्या आकारात सर्चलाइट बसवणे झाले असते.

मग प्रश्न आला कण्याचा. दिव्याचे वजन काही ग्रॅमच. त्या भाराला पुठ्ठाही पुरेल असे वाटते. परंतु अशा वस्तूवर खरा भार वजनाचा नसतो, हाताचा असतो. आमच्या मेणबत्तीची उंची १४० मिलिमीटर आणि तिच्यावर दिव्याचा ७५ मिलिमीटर भाग, म्हणजे शेंड्यापर्यंत २१५. तळाशी ३० मिलिमीटर व्यासाचा वॉशर, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत १५. शेंड्याला कुणी आडवा एक किलोचा दाब दिला, तर तरफेच्या नियमाने वाटीखालच्या नटावर सुमारे चौदा किलोंची ओढ येते. थरथरत्या हाताचा माणूस आधार म्हणून जवळची वस्तू धरतो, तेव्हा तो एका किलोवर थांबत नाही. म्हणून वाटीच्या तळातून १० मिलिमीटरची आटे पाडलेली पोकळ पितळी दांडी घेतली, तिला वरखाली नट लावून वाटीच आवळली आणि नट सुटू नये म्हणून दातेरी वॉशर घातला. दांडीच्या दोन्ही तोंडांची धार कानशीने मोडून तिथे प्लास्टिकचे बूच बसवले; तार कापली जाते ती नेहमी त्या धारेवर. कवच फक्त वरून ओवायचे. ते होल्डरला घट्ट बसत नाही, त्यामुळे दिव्याच्या बुडाशी साठणारी ऊब बाहेर पडायला वाट राहते.

आराखडा आईला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारले, "चौथ्या रविवारी पहिली एवढी उंच कशी राहील?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तीन आठवडे जळलेली मेणबत्ती चौथ्या आठवड्यात ठेंगणी दिसणार, दुसरी तिच्याहून थोडी उंच, तिसरी आणखी. ही उतरंडच त्या शमादानाचा अर्थ होती. आई पुढे म्हणाली, "ज्योत खोटी चालेल रे. दिवस खोटे नकोत."

आता कण्याची उंची बदलती हवी झाली. होल्डर आट्यांवर फिरवून खाली आणणे हा पहिला सुचणारा उपाय. पण आटा एका फेऱ्याला एक मिलिमीटर उतरतो, म्हणजे १० मिलिमीटरसाठी होल्डरचे दहा फेरे आणि तारेलाही दहा पीळ. तेव्हा दांडीच्या दोन नळ्या केल्या. बाहेरची वाटीत पक्की, ५० मिलिमीटर उंच. आतली तिच्यात सरकणारी, वर होल्डर घेतलेली, आणि बाजूने एका छोट्या स्क्रूने आवळायची. तारेला आत थोडी ढील सोडली. गावातल्या लेथवाल्याने हे काम एका दुपारी करून दिले. पुठ्ठ्याची कवचे १४०, १३०, १२० आणि ११० अशा मापांची कापली. मेणबत्ती लागली की पुढच्या रविवारी तिचा स्क्रू ढिला करून आतली नळी १० मिलिमीटर खाली घ्यायची आणि त्या मापाचे कवच चढवायचे.

कवचावर कसलाच भार नव्हता म्हणून ते बदलता आले, ही गोष्ट काम संपल्यावर आमच्या ध्यानात राहिली. बाहेरच्या रूपाला आम्ही उभे राहण्याचे काम दिले असते, तर त्या रूपाला कमी होण्याची मोकळीक उरली नसती. आईच्या बाबतीतही दोन वर्षे आम्ही हेच पाहत आहोत. तिचा आवाज, चालणे, जेवण, सारे दर महिन्याला थोडे थोडे उतरत आहे. त्या उतरण्याला थांबवणारी यंत्रे नाहीत. आहेत ती तिला आतून ताठ धरणारी. ती कमी झालेली दिसू नये, असा आग्रह धरणारे नातेवाईक तिला रंगवलेले कवच समजतात. तिला तो आग्रह रुचत नाही.

त्या वर्षी चौथ्या रविवारी ११०, १२०, १३० आणि १४० अशा चार मेणबत्त्या शमादानात उभ्या होत्या. आईने पहिल्या मेणबत्तीचे कवच काढून आतली दांडी बोटाने ढकलून पाहिली. ती हलली नाही. मग कवच तिनेच परत चढवले. आगमनाचा पहिला रविवार जवळ आला की सगळ्या नळ्या पुन्हा १४०वर आणाव्या लागतात. त्या कामाचा छोटा स्क्रूड्रायव्हर तिने आमच्याकडून मागून घेतला असून तो तिच्या उशाशी, पवित्र शास्त्राच्या शेजारी असतो.